तपासणाऱ्याची चौकट

१२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज नुसता वाचून ठेवतेस, म्हणून हा जुना मार्ग धरलाय. पाकीट एकदा फोडलंस की वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, हे मी ओळखून आहे. हातात कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत जायचं आणि जाता जाता चुकाही काढायच्या, ही तुझी मुख्याध्यापिकेची खोड काही आजची नाही. माझ्या अक्षराला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेव. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिन्यावर उगाच शूरपणा नको.

आम्ही दोघी ठीक आहोत. तुझी लेक भिंगरी दोन्ही वेळा पोटभर जेवते, खोलीभर पसारा करते आणि मी काही बोलायला गेले की दारात पडलेल्या माझ्याच चपलांकडे बोट दाखवते. तेव्हा काळजी नसावी.

आता मोठी बातमी. इथल्या जुन्या हॉस्पिटलचं काम आम्हाला मिळालं. त्यांना मागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत बांधायची आहे आणि त्याआधी जुन्या इमारतीचे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर हवे आहेत. हे नकाशे माझ्या जन्माच्या आसपास कुणीतरी हाताने काढलेले. इतकी वर्षं एका कपाटात घड्या घालून पडले होते. आमच्यासारख्या दोन खुर्च्यांच्या दुकानाला एवढं काम सहसा कुणी देत नाही. आधी त्यांनी नमुन्यादाखल एक नकाशा आम्हाला आणि आणखी काही जणांना करायला दिला. आमचा नकाशा पाहून त्यांचे इंजिनियर स्वतः दुकानाचा जिना चढून आले. तो नकाशा तुझ्या लेकीने केला होता, ताई. मी फक्त तपासला.

तू मागे म्हणाली होतीस, स्कॅन केलं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गेलंच की, मग तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय? तेव्हा तू रागात होतीस, म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोतली भिंत धरून सरकवता येत नाही, फोटोतलं दार रुंद करता येत नाही. आम्ही तो फोटो खाली ठेवतो आणि त्याच्यावर एकेक भिंत, एकेक खिडकी, एकेक पाइप नव्याने काढतो. मग उद्या कुणाला एखादी भिंत हलवून बघायची असेल तर तेवढी भिंत उचलता येते, बाकीची इमारत जागच्या जागी राहते. हे सगळं एका बटणात करून देणारी सॉफ्टवेअरही निघाली आहेत. आम्ही एक आणून पाहिलं. त्याला अक्षर आणि मुंगी यांतला फरक कळेना. नकाशावर कधीकाळी कुणीतरी चहाचा कप टेकवला होता, त्या डागाची त्याने आम्हाला गोल पाण्याची टाकी काढून दिली. भिंगरी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

आणि हीच मुलगी कामाला बसली की मान वर करत नाही. लहानपणी तिला एका जागी बसवायचं म्हणजे तुम्हा दोघांच्या नाकी नऊ यायचे, ते आठवतं ना? आता मीच तिला उठवते, जरा पाय मोकळे करून ये म्हणून. परवा शस्त्रक्रियेच्या खोल्यांचा नकाशा करताना ती मधेच थांबली. खोल्यांच्या मापांची बेरीज बाहेरच्या भिंतीच्या मापाशी जुळत नव्हती. फरक अगदी थोडा होता. दुसरी कुणी असती तर रेषा इकडेतिकडे ढकलून तो फरक मिटवून टाकला असता. ही म्हणाली, मधल्या एका भिंतीची जाडी धरलेलीच नाही, ती कळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. शेवटी इंजिनियरांनी माणूस पाठवून टेपने ती भिंत मोजून घेतली. हिने सांगितली होती तीच भिंत निघाली. मी तोंडावर तिचं कौतुक करत नाही, डोक्यावर चढून बसेल. तुला मात्र सांगते. अशी मुलगी मी सगळ्या नोकरीत पाहिली नाही.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, तो मी जुन्या ड्रॉइंग ऑफिसातून सोबत आणला. जिने काढलं तिने ते तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण डोक्यात जे असतं तेच आपण कागदावर वाचतो. म्हणून ती काढते आणि मी तपासते. नकाशा छापून काचेच्या टेबलावर घ्यायचा, खालून दिवा लावायचा, जुन्याशी ताडून पाहायचा आणि चूक दिसेल तिथे लाल गोल करायचा. सगळं बरोबर असलं की खाली उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकटी असतात, त्यांतल्या 'तपासलं' या चौकटीत मी सही करते. रेष सरळ आहे की नाही हे सांगायला मला पट्टी लागत नाही, हे तुला ठाऊकच आहे. डावा डोळा मिटायचा, मान खाली करून रेषेच्या टोकाशी नजर लावायची की संपलं. ऑफिसात मोठे साहेबसुद्धा कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचे.

आणि हल्ली नेमका त्याचाच वैताग झालाय. भिंगरीच्या नकाशांत लांब रेषा मधोमध वाकतात. दोष तिचा नाही, स्कॅनरचा आहे. तो कागद आत ओढताना मधेच खेचतो, स्कॅन लाटेसारखं येतं आणि ही बिचारी त्या लाटेवरून रेष काढते. मी लाल गोल करून परत देते. स्कॅनरवाल्याला दोनदा बोलावलं. त्याने रेघांचा कागद स्कॅन करून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, बाई, यात काहीच बिघाड नाही. मला तर त्यातही रेघा वाकलेल्या दिसत होत्या. मी त्याला चार शब्द सुनावले. नवीन मशीन विकायचं असेल याला. भिंगरी मात्र या बाबतीत एक अक्षर बोलत नाही. एरवी शब्दाला शब्द देणारी मुलगी मुकाट्याने नकाशा घेते आणि पुन्हा करून आणते. एवढी समजूत तिला तुझ्याकडून तर नक्कीच मिळालेली नाही. टेबलाखाली मी आता जास्त उजेडाचा दिवा बसवून घेतलाय.

आम्ही दोघी तुझ्याकडून निघालो तेव्हा तू मला एक वाक्य बोलली होतीस. "तुला मूल नाही म्हणून माझं पळवलंस." ते मी तेव्हा गिळलं आणि अजूनही ते घशाखाली उतरलेलं नाही. तुझ्या शाळेतली नोकरी सोडून ती इथे आली ती स्वतःच्या पायांनी. मी तिला ओढून आणलेलं नाही, ताई. एकदा येऊन तिला काम करताना बघ. लांबून बघ हवं तर.

तुझी धाकटी,
जी चोर नाही


९ एप्रिल

ती. ताईस,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण आल्या. शाळेतली जागा जूनपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवली आहे, उत्तर तिने स्वतः द्यायचं, मी मधे पडायचं नाही. तुझं पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि खणात ठेवून दिलं. मधे पडू नकोस म्हणालीस तरी मी पडतेय, कारण आता न सांगून भागणार नाही असं काहीतरी झालंय. खरं तर हे मी तुला कळू देणार नव्हते. कळल्यावर तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे.

मागच्या सोमवारी मी हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्याचा नकाशा तिला परत दिला. लाल गोल केला होता आणि जरा आवाजही चढवला होता. तीच भिंत, तीच चूक, कितव्यांदा सांगायचं, असं काहीतरी बोलले. ती उठली. माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, ही रेष वाकडी असूच शकत नाही. मी फक्त तिची दोन टोकं देते. मधलं सगळं कॉम्प्युटर काढतो, आणि त्याला वाकडं काढताच येत नाही."

मी म्हटलं, मग छापताना बिघडत असेल. तिने काही वाद घातला नाही. माझी स्टीलची पट्टी उचलली आणि त्या रेषेला लावून कागदावर ठेवली.

मी सवयीने डावा डोळा मिटून खाली वाकले. ताई, पट्टीसुद्धा वाकली होती. रेष जिथे वाकत होती तिथेच.

मी पट्टी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. सरळ. पुन्हा कागदावर ठेवली, वाकडी. मग डावा डोळा उघडून उजवा मिटला, तेव्हा पट्टीही सरळ झाली आणि रेषही. दोन्ही डोळे उघडे असले की मला काहीच वेगळं जाणवत नव्हतं, म्हणून रस्त्यावर, घरात, वाचताना कधी कळलं नाही. नेमकी तपासायला बसले की मी बिघडलेल्या डोळ्याने बघत होते. ज्या सवयीचा एवढा तोरा मिरवला, तिनेच मला तोंडघशी पाडलं.

मी विचारलं, तुला कधी कळलं? तिने पट्टी जागेवर ठेवली. मग सांगितलं. काही दिवसांपूर्वी तिने एक नकाशा काहीही न बदलता तसाच्या तसा पुन्हा छापून माझ्यापुढे ठेवला होता आणि मी तो, आता कसं छान झालं, म्हणून पास केला होता. त्या दिवशी ती संध्याकाळी घरी येऊन जेवली नव्हती. मला वाटलं होतं पोट बिघडलंय.

डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे, बरोबर मध्यभागी, पाणी साठलंय म्हणे. इंजेक्शनं घ्यायची, तीही डोळ्यातच. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण बहुधा तिथेच थांबेल. डावा डोळा आज चांगला आहे. पुढचं कुणी सांगू शकत नाही. घाबरू नकोस, माझं घाबरून झालंय. डॉक्टरांनी मला चौकटींचा कागद दिला आणि एकेक डोळा झाकून रेघा कशा दिसतात ते सांगा म्हणाले. मला हसूच आलं. जन्मभर ज्या कागदावर पोट भरलं तोच कागद समोर. मी म्हटलं, सांगत बसण्यापेक्षा काढूनच देते. आणि उजव्या डोळ्याला जशा दिसत होत्या तशा सगळ्या रेघा, त्यांचा बाक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यासकट, काढून दिल्या. डॉक्टर खूश झाले. पुढच्या वेळी याच्याशी ताडून बघू म्हणाले आणि तो कागद माझ्या फाइलला लावला. डोळा गेला तरी हात शाबूत आहे हे बघून मला त्या खुर्चीतही बरं वाटलं.

पण दुकान थांबलंय. जिने काढलं तिने तपासायचं नाही, आणि दुसरं तपासायला कुणी नाही. त्या चौकटीत सही करायची मला आता हिंमत होत नाही. हॉस्पिटलचा नकाशा आहे, शाळेच्या गृहपाठाची वही नाही. खोटी सही केली आणि उद्या कुणी त्या नकाशावर भरवसा ठेवून खोदकाम केलं तर? इंजिनियरांना थोडे दिवस थांबा म्हणून सांगितलंय. कारण सांगितलेलं नाही.

आता खरं ते. मी भिंगरीला सांगितलं, तू आईकडे जा आणि शाळेत रुजू हो. ती खूप चिडली, पण गेली नाही. रात्री ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या इंजेक्शनच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या. ताई, मला हेच नको आहे. ती माझ्या डोळ्यासाठी राहिली तर तू म्हणालीस ते खरं ठरेल. मग मी तिला पळवलंच, फक्त उशिरा. काठी म्हणून तिला जवळ ठेवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, आणि आज काठीची गरज पडतेय म्हटल्यावर तर ती मुळीच राहू नये. माझं ती ऐकत नाही. तिला वाटतं मी मानापोटी तिला हाकलतेय, आणि थोडंसं ते खरंही आहे.

तू तिला फोन कर. मला नको, तिला. माझ्या बाजूने काही बोलू नकोस, माझ्या विरुद्धही नको. माझा डोळा मधे न आणता तिला काय करायचंय ते तिला विचार. ती जे म्हणेल ते मला मान्य आहे. 

तुझी,
सध्या रिकामी बसलेली


२६ मे

ताई,

आज मायना नाही, थेट बोलते. तुझा फोन आला त्या दिवशी ती खोलीचं दार लावून बराच वेळ तुझ्याशी बोलत होती. मी बाहेर तेच तेच भांडं पुसत होते. काय बोललात ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे रडलेले होते आणि चेहरा मात्र हलका दिसत होता. आईने विचार करायला सांगितलंय, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर माझी खुर्ची काचेच्या टेबलापाशी नव्हती. तिने ती कॉम्प्युटरसमोर नेऊन ठेवली होती आणि स्वतः माझ्या जागी लाल पेन घेऊन बसली होती. मी म्हटलं, हा काय प्रकार? ती म्हणाली, "आजपासून तू काढ. मी तपासते. नियम मोडत नाही, फक्त माणसं बदलतात."

मी कुरकुरले. कॉम्प्युटरवर मी हळू आहे, आणि शिकवणीला जाणाऱ्या पोरीसारखं या वयात तिच्यापुढे बसायचं मला जड जात होतं. पण तिने विचार करून सगळी तयारी ठेवली होती. पडद्यावर अक्षरं मोठी करून ठेवली होती. रेष हाताने ओढायचीच नाही. पहिल्या टोकाचे आकडे टाइप करायचे, दुसऱ्या टोकाचे टाइप करायचे, रेष आपली आपण सरळ येते. माझ्या डोळ्याला ती कशी दिसते याला काही किंमतच उरली नाही. मला लागतं ते एवढंच की जुन्या नकाशावर काय म्हणून काढलंय हे ओळखायचं. ही भिंत, हा खांब, हे जिन्याखालचं कपाट. ते मी एका डोळ्यानेही ओळखते, कारण असे नकाशे हाताने काढण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. हळूहळू हात बसला. आठवड्याभरात मी दिवसाला एक नकाशा पुरा करायला लागले. तिने आधी काढलेलेही मी नव्याने काढले, म्हणजे ते तपासायला ती मोकळी. ती मला म्हणाली, बरा वेग आहे. बरा. मी तिला असंच म्हणायचे.

आणि मग सांडपाण्याचा नकाशा आला. मागच्या मोकळ्या जागेचा, जिथे नवी इमारत उभी राहायची आहे तोच. तो मी मोठ्या तोऱ्यात केला. एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत जाणारी लांब पाइप, तिला येऊन मिळणाऱ्या छोट्या पाइपा, सगळं नीट. छापून तिच्या टेबलावर ठेवला आणि चहा करायला गेले. परत आले तर त्या लांब पाइपभोवती एवढा मोठा लाल गोल. शेजारी लिहिलं होतं, "ही पाइप नाही. कागदाची घडी आहे."

मी भांडायला उभी राहिले. चेंबरपासून चेंबरपर्यंत जाते, पाइप नाही तर काय? तिने शांतपणे दाखवलं. बाकी प्रत्येक पाइपशेजारी तिचा व्यास आणि उतार लिहिलेला होता, हिच्याशेजारी काहीच नव्हतं. आणि ही रेघ चेंबरपाशी थांबतच नव्हती. पुसट होऊन पुढे जात होती, खालच्या मजकुरावरून आरपार, कागदाच्या पार कडेपर्यंत, आणि दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. नकाशा मधोमध दुमडला होता, ताई. त्या दुमडीत वर्षानुवर्षं धूळ बसली होती, ती स्कॅनमध्ये काळी उतरली आणि मी तिला पाइप करून टाकलं. चहाच्या डागाची टाकी करणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला मी किती हसले होते. तिने तेवढ्यावरही सोडलं नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन मूळ कागद कपाटातून काढायला लावला आणि त्या घडीवरून बोट फिरवून खात्री करून आली.

ती चूक तशीच गेली असती तर नव्या इमारतीचा पाया खोदणाऱ्यांनी नसलेल्या पाइपसाठी जागा सोडली असती, नाहीतर ती शोधत अर्धं मैदान उकरलं असतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीसुद्धा, पण अगदी चमचाभर. बाकी सगळा नुसता अभिमान. इतक्या वर्षांत माझ्या नकाशावर लाल गोल करायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि झाली ती आपल्या घरातल्या मुलीची. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी तिला फक्त, बरोबर आहे, एवढंच म्हटलं आणि पाइप खोडून टाकली.

तो लाल गोल मी नंतर पुन्हा नीट बघितला. तो तुझा गोल आहे. वरून सुरू होऊन डावीकडे वळणारा, शेवटी थोडा उघडा राहणारा. तू वह्या तपासताना करतेस तसाच. तिचं बालपण तुझ्या वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी गेलं, तिथून तो तिच्या हातात आला असणार. तिने तुझं काम टाकलं असं तुला वाटतं ना? टाकलेलं नाही. फक्त तिला विद्यार्थिनी म्हातारी आणि हेकट मिळाली आहे.

काल सगळे नकाशे हॉस्पिटलला पोचते केले. इंजिनियरांनी एकेक उघडून पाहिला, भिंती हलवून पाहिल्या, पाइपांचे आकडे विचारले. तिने सगळी उत्तरं दिली. मी मागे खुर्चीत बसून होते. मग त्यांनी खालच्या कोपऱ्यातली सही बघितली आणि विचारलं, तपासणाऱ्या तुम्हीच ना? ती हो म्हणाली. त्यांनी नवीन इमारतीच्या नकाशांच्या वेळीही हीच सही हवी असं सांगितलं. तिने मान डोलावली, जशी काही ती रोजचीच गोष्ट आहे. बाहेर जिन्यात आल्यावर मात्र तिने मला इतक्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा पडला.

घरी आल्यावर मी शेवटचं विचारलं. म्हटलं, ताईच्या शाळेची जागा अजून आहे, आणि माझं काय, माझं मी बघून घेईन. माझ्यासाठी राहणार असशील तर राहू नकोस. तेव्हा तिने जे उत्तर दिलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, त्यात माझी भर नाही.

"तुझे दोन्ही डोळे धड असते तरी मी राहिले असते, मावशी. पण मग तू मला ती चौकट दिली असतीस का?"

 खरं सांगायचं तर, नसती दिली. आणखी दहा वर्षं तरी नाही. मी तिला सगळं शिकवत होते आणि तेवढी एक चौकट मात्र स्वतःजवळ धरून बसले होते. ते तिला कळत होतं आणि तरी ती राहिली होती, त्या कामासाठी.

मग मी दुसरंही विचारलं, जे रोज मनात येतं. डाव्या डोळ्याचंही तसंच झालं तर? ती म्हणाली, तुझं काम चुकायला लागेल त्या दिवशी मी तुला थांबवीन, तोंडावर सांगून थांबवीन. त्या वेळी तसाच नकाशा पुन्हा छापून तुला फसवलं, तसं परत करणार नाही. दया म्हणून एकही सही करणार नाही. ताई, हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. जी मुलगी माझी चूक झाकणार नाही, ती माझी काठी कशी असेल? आणि ती माझी म्हणून राहिलेलीही नाही.

रविवारी ती तुझ्याकडे येतेय. जागेचं उत्तर ती तुला समोर बसून देणार आहे. ते काय असेल हे तुला आता कळलंच आहे, तरी तिच्या तोंडून ऐक, आणि ऐकताना घटकाभर मुख्याध्यापिका होऊ नकोस. तिच्यासोबत मी सांडपाण्याच्या नकाशाची एक प्रत पाठवतेय. भाऊजींना म्हणावं, टेबलावर नीट पसरून बघा, घडी घालू नका. काढलं, तिथे माझी सही आहे. तपासलं, तिथे तुझ्या लेकीची.

तुझ्या लेकीच्या हाताखाली काम करणारी,
तुझी धाकटी बहीण